बाल्कनीतून बुलबुल उचलणारा हा पक्षी कोणता? (मुलुंड)

स्वाती_मुलुंड
१० जानेवारी, सकाळी ११.०५

मंडळी, पक्ष्यांमधलं मला फारसं कळत नाही, म्हणून इथे विचारते आहे. आम्ही मुलुंड पश्चिमेला, नॅशनल पार्कच्या डोंगराकडच्या बाजूला राहतो. तिसरा मजला, समोर मोठा रेन ट्री. आई रोज सकाळी ग्रिलपाशी पाण्याचं भांडं आणि पपईची नाहीतर केळ्याची फोड ठेवते. बुलबुलांची एक जोडी साडेसातच्या सुमारास ठरल्यासारखी येते. आईचा पहिला चहा त्यांच्या सोबतीनेच होतो.

आज त्यातला एक आईच्या डोळ्यांदेखत गेला. "खालून काहीतरी तपकिरी वर आलं", एवढंच तिला सांगता आलं. मी धावत आले तोवर तो पक्षी शेजारच्यांच्या एसीच्या डब्यावर बसून पिसं उपटत होता. घार नक्की नाही, कावळ्यापेक्षाही लहान. पाठ तपकिरी, पोट पांढरट आणि त्यावर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी. मोबाइलवर काचेतून एक फोटो काढला आहे, धूसर आहे. खाली चिकटवते.

हा कोण? आणि आई विचारते आहे, उद्या परत आला तर हाकलायचा का?

निखिल_डोंबिवली
१० जानेवारी, सकाळी ११.४०

बेसरा! छातीवरच्या रेघा बघा. नॅशनल पार्क एवढं जवळ आहे म्हणजे जंगलातला बेसराच असणार. ताई, तुम्ही नशीबवान आहात.

मृणाल२१
१० जानेवारी, दुपारी १२.१५

मला तर पावशा वाटतोय. आमच्याकडे ठाण्याला दर वर्षी दिसतो, अगदी असाच तपकिरी आणि ठिपक्यांचा.

स्वातीताई, आईंना सांभाळा. रोज येणारं पाखरू असं समोरून जाणं सोपं नसतं.

नाना_गोरेगाव
१० जानेवारी, दुपारी ३.३०

स्वातीताई, फोटो मोठा करून पाहिला. माझ्या मते हा शिक्रा आहे, आणि गेल्या उन्हाळ्यात जन्मलेलं पिल्लू आहे. पण नाव सांगून मोकळं होण्यात अर्थ नाही. निखिल आणि मृणालताई यांना जे वाटलं ते मलाही वर्षानुवर्षं वाटत आलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पावशाचं बघू. तो कोकिळेच्या कुळातला. सुरवंट, किडे, फळं खातो. बुलबुल धरणं त्याच्या पायांच्या आवाक्यातलं काम नाही. पण रूप मात्र त्याने हुबेहूब शिक्र्याचं घेतलं आहे. मोठा पावशा मोठ्या शिक्र्यासारखा राखाडी, लहान पावशा लहान शिक्र्यासारखा तपकिरी ठिपक्यांचा. शेपटीवरचे पट्टेसुद्धा तसेच. उडताना चार वेळा पंख मारून तरंगणं आणि फांदीपाशी खालून वर उसळी घेऊन बसणंही तसंच. तो आपलं अंडं सातभाईंच्या घरट्यात घालतो. त्याला शिक्रा समजून सातभाई दचकले, घरट्यावरून उठले, की त्याचं काम होतं. या सोंगाचं कारण तेच असावं असं मानतात. छोटे पक्षी फसतात तिथे आपण फसलो तर त्यात कमीपणा नाही.

मग ओळखायचं कसं? बसण्यावरून. शिक्रा ताठ, उभा बसतो, खांद्यात मान घालून. पावशा आडवा बसतो, पंख जरासे सैल सोडून. पावशाची चोच जवळजवळ सरळ, शिक्र्याची मुळापासूनच वाकडी. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं. आणि पाय बघा: शिक्र्याचे लांब, पिवळे, नख्या स्पष्ट दिसणारे, पावशाचे आखूड, पिसांत दडलेले. तुमच्या फोटोत बाकी सगळं धूसर आहे, पण बुलबुलावर रोवलेला पिवळा पाय दिसतो आहे.

आता बेसरा. इथे मामला खरोखर नाजूक आहे. शिक्र्याच्या पिल्लाच्या छातीवर रेघा आणि थेंबासारखे ठिपके असतात, म्हणून पुष्कळ जण त्यालाच बेसरा ठरवतात. मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, गळ्यावरची मधली उभी रेघ. ती दोघांनाही असते, पण शिक्र्याची पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक, बेसऱ्याची ठसठशीत, काळपट. दुसरी, शेपटी. बेसऱ्याच्या शेपटीवरचे गडद पट्टे मधल्या फिक्या जागेइतकेच रुंद असतात. शिक्र्याचे गडद पट्टे अरुंद. तिसरी, एकूण छटा. बेसरा वरून गडद, आणि उडताना पंखांची खालची बाजूही पट्ट्यापट्ट्यांची. शिक्र्याचे पंख खालून फिकट दिसतात.

बेसरा सह्याद्रीच्या दाट झाडीतला, लाजाळू पक्षी आहे. शिक्र्याला मात्र झाडं आणि शिकार मिळाली की जागा पुरते, मग ती आरे असो, राणीची बाग असो, नाहीतर हिंदू कॉलनीतली गल्ली. मुंबईत इमारतीपाशी असा लहान शिकारी दिसला की आधी शिक्राच गृहीत धरावा आणि बेसरा म्हणायला भक्कम पुरावा मागावा.

आईंच्या प्रश्नावर रात्री लिहितो. तो घाईत उत्तर देण्यासारखा नाही.

निखिल_डोंबिवली
१० जानेवारी, दुपारी ४.१०

नाना, पटलं. शेपटीचा मुद्दा मला माहीत नव्हता. ताई, शेपटी दिसेल असा दुसरा फोटो आहे का?

स्वाती_मुलुंड
१० जानेवारी, संध्याकाळी ७.२०

एक आहे, उडून जाताना आपोआप निघालेला. त्यात पंख पसरलेला आहे, शेपटी अर्धी दिसते. पट्टे बारीक आहेत. पंखाच्या टोकाला बोटांसारखी पाच पिसं सुटी दिसतात, त्याचा काही उपयोग होतो का?

खाली पडलेली पिसं आईने गोळा करून कागदात बांधून ठेवली आहेत. शेपटीखालचं लाल पीस वर ठेवलंय.

आरती_आरे
१० जानेवारी, रात्री ८.०५

स्वाती, पाच बोटं हा फारच कामाचा पुरावा आहे! शिक्रा आणि बेसरा दोघांनाही पाच असतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा युरेशियन स्पॅरोहॉक, ज्याला हिंदीत बाशा म्हणतात, त्याला सहा. तुरेवाल्या गोशॉकलाही सहा. म्हणजे जानेवारीत ज्या पाहुण्याची शंका घ्यायला हवी होती तो बाद झाला. स्पॅरोहॉकच्या गळ्यावर मधली रेघही नसते, आणि मादीला डोळ्यावर पांढरी भुवई असते. गोशॉक अंगाने बराच दणकट, पाय जाडजूड, डोक्यामागे छोटा तुरा, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरी पिसं फुललेली.

पिसं जपून ठेवलीत ते चांगलं केलंत, त्यांवरूनही कळतं. देठ अख्खे असतील तर शिकारी पक्ष्याने उपटली आहेत. मांजर चावून तोडते, तेव्हा देठ कुरतडलेले आणि पिसं लाळेने चिकटलेली असतात.

स्वाती_मुलुंड
१० जानेवारी, रात्री ८.३०

देठ अख्खे आहेत, सगळेच्या सगळे. लगेच पाहिलं.

दादरकर
१० जानेवारी, रात्री ९.१५

छान धागा. माझी एक शंका. लहानपणी आजोबा बहिरी ससाण्याच्या गोष्टी सांगायचे. शिक्रा म्हणजे ससाण्याचाच धाकटा भाऊ ना? आमच्या टॉवरवर थंडीत एक कबुतरं मारतो, तोही शिक्रा का?

जाता जाता, कुलाब्याच्या नौदलाच्या हेलिकॉप्टर तळाचं नाव 'आयएनएस शिक्रा' आहे. २००९ सालापासून.

नाना_गोरेगाव
१० जानेवारी, रात्री १०.४०

दादरकर, तुमच्या टॉवरवरचा बहुधा खराखुरा बहिरी ससाणा आहे. आपण बोलताना सगळ्यांनाच ससाणा म्हणतो, पण ही दोन वेगळी घराणी आहेत. जनुकांच्या अभ्यासातून दिसलं आहे की ससाणे शिक्र्यापेक्षा पोपटांना जवळचे. त्यांचे पंख लांब, टोकदार; डोळे काळेभोर. उंचावरून उघड्या आकाशात झेप घेतात आणि चोचीवरच्या दातासारख्या खाचेने मानेचा मणका तोडतात. शिक्र्याचं शस्त्र म्हणजे पाय. तो पकडतो आणि आवळतो.

शिक्र्याची सगळी बांधणी झाडीसाठी आहे. पंख आखूड आणि गोलसर, म्हणजे फांद्यांत अडकत नाहीत. शेपटी लांब, म्हणजे भर वेगात वळता येतं. लांब पायांमुळे झुडपात आतवर हात घालावा तसा पाय घालता येतो, आणि मधलं लांब बोट पिसांच्या गुबगुबीत अंगाभोवती पक्कं बसतं. तो पाठलाग फार करत नाही. पानांआड गप्प बसतो, मग कंपाउंडच्या भिंतीला धरून जमिनीलगत येतो आणि शेवटच्या क्षणी वर उसळतो. आईंना "खालून काहीतरी वर आलं" असं दिसलं, ते अगदी अचूक वर्णन आहे. पुस्तक वाचून कोणी याहून नेमकं सांगणार नाही.

नर-मादीचंही सांगतो. या कुळात मादी मोठी आणि नर लहान. मोठ्या नराचा डोळा लालभडक, पाठ निळसर राखाडी, छातीवर फिक्या तांबूस लाटा. मादीचा डोळा पिवळा-नारिंगी, पाठीत तपकिरी झाक. पूर्वी शिकारी पक्षी पाळणाऱ्यांची तर नर-मादीला वेगळी नावंच होती: शिक्रा म्हणजे मादी आणि चिपका म्हणजे नर. हे शब्द उत्तरेतून आले, आणि शिक्रा मुळात फारसी, शिकारीशी नातं सांगणारा. आता पाळणं सोडाच, पकडणंही १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

(नवी पुस्तकं पाहणाऱ्यांसाठी: शिक्रा आणि बेसरा इतकी वर्षं ॲक्सिपिटर या प्रजातीसमूहात होते. २०२४ साली त्यांना टॅकीस्पायझा या वेगळ्या समूहात टाकलं. स्पॅरोहॉक जुन्या जागीच राहिला. म्हणजे दिसायला जुळे वाटणारे हे पक्षी नात्याने आपण समजत होतो तितके जवळ नाहीत.)

आता आईंचा प्रश्न.

स्वातीताई, आईंना माझा नमस्कार सांगा. मी हाकला असंही म्हणणार नाही आणि 'निसर्गाचा नियम आहे' म्हणून त्यांचं दुःख उडवूनही लावणार नाही. तो बुलबुल त्यांचा होता. पण ज्याने तो नेला ते आठ-नऊ महिन्यांचं पोर आहे. आईबापांनी भरवणं कधीच बंद झालं, आणि शिकारी पक्ष्यांची कितीतरी पोरं हा पहिला हिवाळा पार करू शकत नाहीत. त्यांचे बहुतेक हल्ले फुकट जातात. मी आरेत एका पिल्लाला सकाळभरात पाच वेळा झेपावताना आणि पाचही वेळा रिकाम्या पायांनी परतताना पाहिलं आहे. शेवटी त्याने एक सरडा धरला. शिक्र्याचं पोट खरं तर सरडे, चतुर, उंदीर यांवरच बरंचसं भरतं. पक्षी रोज मिळत नाहीत.

मात्र आपण रोज एकाच वेळी, एकाच जागी फळ ठेवतो, तेव्हा बुलबुलांबरोबर शिक्र्यालाही वेळ कळते. तेवढी जबाबदारी आपल्याकडे येते. आठ-दहा दिवस फळ बंद ठेवा, फक्त पाणी ठेवा. नंतर ठेवाल तेव्हा ग्रिलवर एखादा दाट वेल चढवा, पक्ष्यांना शिरायला आडोसा होईल. वेळही बदलत राहा. काचेवर पडदा ओढून ठेवा. पाठलागात दोघंही काचेवर आपटतात.

मृणाल२१
११ जानेवारी, सकाळी ८.००

नाना, हे आधी माहीत असतं तर आमची गॅलरी वेगळी लावली असती. मधुमालती लावतेय आजच.

स्वाती_मुलुंड
११ जानेवारी, रात्री ९.४५

आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आठ महिन्यांचं आहे होय." आज फळ ठेवलं नाही. उरलेला बुलबुल तारेवर येऊन बसला होता, थोडा वेळ ओरडला आणि गेला. आईने तेवढा वेळ चहा घेतला नाही.

आरती_आरे
१२ जानेवारी, सकाळी ७.१०

संक्रांत दोन दिवसांवर आली आहे म्हणून लिहिते. झाडांमधून वेगाने जाणाऱ्या या पक्ष्यांना मांजा दिसत नाही. शिक्रा, घार, घुबड, कोणीही अडकलेलं दिसलं तर स्वतः ओढून सोडवू नका, पंखाचा स्नायू कापला जातो. अंगावर सुती कापड टाकून डोळे झाका, हवेशीर खोक्यात ठेवा, पाणी पाजू नका, आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. सोसायटीत उंदरांसाठी विषाच्या वड्या टाकत असतील तर तेही थांबवायला सांगा. विष खाल्लेला सुस्त उंदीर शिक्र्याला आधी सापडतो.

निखिल_डोंबिवली
१८ जानेवारी, रात्री १०.३०

नाना, एक विचारायचं राहिलं. पक्षी दिसायच्या आधी शिक्रा आसपास आहे हे तुम्हाला कसं कळतं? गेल्या रविवारी तुमच्याबरोबर आरेत आलो तेव्हा तुम्ही "आला" म्हणालात आणि मग पाच सेकंदांनी तो दिसला.

नाना_गोरेगाव
१९ जानेवारी, सकाळी ६.५०

ऐकून. माझे डोळे आता तितके चांगले नाहीत, कान आहेत.

शिकारी हवेत असतो तेव्हा लहान पक्षी बारीक, लांबट 'सीऽऽ' असा आवाज काढतात. तो कुठून येतोय ते कळतच नाही, आणि तोच त्याचा उपयोग: सगळ्यांना इशारा मिळतो, पण देणाऱ्याचा पत्ता लागत नाही. लगेच सगळीकडे शांतता. परवा आरेत तुला ती शांतता जाणवली नाही. पुढच्या वेळी तिच्याकडे लक्ष ठेव. तोच शिकारी फांदीवर बसलेला सापडला की उलट गोष्ट होते. शिंपी, बुलबुल, सूर्यपक्षी, खारी सगळे कर्कश कलकलाट करतात, 'हा बघा, इथे आहे' असं ओरडून सांगतात. कावळे तर त्याच्या डोक्यावरच जातात. लपून बसणाऱ्याला जगजाहीर केलं की त्याचा डाव संपतो. त्या कलकलाटाच्या मधोमध दुर्बीण लावायची.

एक सावधगिरी. शिक्र्याचा स्वतःचा आवाज 'टी-ट्यू, टी-ट्यू' असा दोन सुरांचा. पण कोतवाल त्याची हुबेहूब नक्कल करतो. नुसत्या आवाजावरून वहीत शिक्रा लिहू नकोस.

दादरकर
१९ जानेवारी, सकाळी ९.३०

आज सकाळी शिवाजी पार्कात बाकावर बसून फक्त ऐकलं. खारींचा गोंगाट झाला तिथे वर पाहिलं. लाल डोळा! चाळीस वर्षं त्या झाडाखालून जातोय.

स्वाती_मुलुंड
२६ मार्च, संध्याकाळी ६.१५

धागा वर काढते आहे. ते तपकिरी पिल्लू फेब्रुवारीत दोनदा दिसलं, नंतर नाही. मात्र महिनाभरापासून पहाटे 'टी-ट्यू' ऐकू येतंय. आधी कोतवाल असेल म्हणून लिहिलं नाही. आज रेन ट्रीवर दोघं दिसले: एक लहान, राखाडी, लाल डोळ्यांचा, एक मोठी, पिवळ्या डोळ्यांची. त्याने तिच्यासमोर सरडा ठेवला. वरच्या बेचक्यात काटक्यांचं घरटं आहे, आम्ही ते कावळ्याचं समजत होतो.

नाना_गोरेगाव
२६ मार्च, रात्री ८.२०

स्वातीताई, वाचून फार आनंद झाला. हाच त्यांचा विणीचा काळ. घरटं कावळ्यासारखंच ओबडधोबड असतं. मादी साधारण तीन आठवडे अंड्यांवर बसते, नर शिकार आणून देतो. जोडीने जागा धरली म्हणून पिल्लू तिथून हललं असावं. फोटोंसाठी कोणाला गच्चीवर गोळा करू नका, आणि इथे इमारतीचं नाव लिहू नका.

स्वाती_मुलुंड
२९ एप्रिल, दुपारी २.००

आज पावसाळ्यापूर्वीची छाटणी करायला माणसं आली. गाडी थेट रेन ट्रीखाली लावली. मी ऑफिसात होते, आईचा फोन आला, मागे करवतीचा आवाज. चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई जिना उतरून झाडाखाली जाऊन उभी राहिली. मुकादमाला म्हणाली, "वर लेकरं आहेत." त्याने वर पाहिलं. घरट्याच्या कडेवर एक पांढरं डोकं दिसलं म्हणे. त्याने करवत बंद करायला लावली, रस्त्याकडच्या दोन सुक्या फांद्या तेवढ्या काढल्या आणि बाकी झाड पावसाळ्यानंतर बघू म्हणाला. त्या माणसाचं नाव विचारायचं राहिलं, आईला त्याची चुटपुट लागून राहिली आहे.

आरती_आरे
२९ एप्रिल, दुपारी २.२५

आईंना साष्टांग नमस्कार. सोसायटीकडून लेखी पत्र देऊन ठेवा, घरट्याच्या फोटोसकट. दुसरी माणसं आली तर कामाला येईल.

स्वाती_मुलुंड
९ जून, सकाळी ८.५०

तीन पिल्लं. मे संपता संपता फांद्यांवर आली, आता इमारतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत उडतात. तशीच तपकिरी, ठिपक्यांची. नानांनी सांगितलेली गळ्यावरची बारीक रेघ आता मला दुर्बिणीशिवाय दिसते.

आईने वेलाआड परत फळ ठेवायला सुरुवात केली आहे. बुलबुल येतात. तोच उरलेला आणि त्याची नवी जोडीदार, की दुसरेच कोणी, ते कळायला मार्ग नाही.

आज पहिला पाऊस पडून गेल्यावर सगळे बुलबुल एकदम वेलात शिरले. मी दुर्बीण शोधत होते. आई चहाचा कप हातात घेऊन ग्रिलशी उभी होती. म्हणाली, "राहू दे, पावशा आहे. आडवा बसलाय." मिनिटभराने समोरच्या आंब्यावरून 'पेरते व्हा, पेरते व्हा' सुरू झालं.